चोर स्विच : दोनशे-तीनशे रुपयांची राखण

रात्री अकरानंतर कोलशेत रोडवर एक चक्कर मारून बघा. ढोकाळी नाक्यापासून खाडीच्या दिशेने रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागलेली असते. जिथे पूर्वी रंग-रसायनांचे कारखाने होते तिथे आता टॉवर उभे राहिलेत. माणसं आली, गाड्या आल्या, पण गाड्या लावायला जागा काही आली नाही. आपल्या स्टाफच्या गाड्या आणि हॉस्टेलच्या पोरांच्या बाइक्ससुद्धा याच रांगेत उभ्या असतात.

चोराच्या नजरेने बघितलं तर ही जागा फारच सोयीची! माजिवड्याला गेलं की नाशिक हायवे, घोडबंदर रोड संपला की अहमदाबाद हायवे, आणि कळव्याचा पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रोड धरला की पुढे पुण्याचा रस्ता. आपण सकाळी उठून दात घासेपर्यंत गाडी जिल्ह्याबाहेर गेलेली असते.

"इन्शुरन्स आहे ना, मग कशाला काळजी?" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी एकच उदाहरण. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. ५६ माणसं गेली. जखमींना घेऊन लोक ज्या हॉस्पिटलमध्ये धावले तिथेच गाड्यांत बॉम्ब ठेवलेले होते. पुढच्या दिवसांत सुरतमध्येही स्फोटकं भरलेल्या गाड्या सापडल्या. तपासात निघालं की या गाड्या नवी मुंबईतून, म्हणजे आपल्या खाडीच्या खालच्या अंगाला असलेल्या शहरातून, त्याच महिन्यात चोरलेल्या होत्या. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांचं नुकसान कदाचित इन्शुरन्सने भरून निघालं असेल. पण चोरीची गाडी पुढे कोणाच्या हातात जाते हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून ती जाऊच नये यासाठी थोडी डोकेफोड करायला हवी, आणि आपण इंजिनिअरिंगवाले ती नाही करणार तर कोण करणार?

कंपनीचं कुलूप कुठे कमी पडतं?

आजकालच्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर असतो. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी फिरवली की इग्निशन लॉकभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल आणि स्पार्क सोडतो. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि कियाच्या २०२१ पर्यंतच्या कित्येक मॉडेल्सना इमोबिलायझरच नव्हता. सोशल मीडियावर याचे व्हिडिओ फिरले आणि शाळकरी पोरं गाड्या उचलायला लागली! शेवटी २०२३ मध्ये कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं आणि स्टिअरिंगला लावायची कुलपं फुकट वाटावी लागली.

म्हणजे इमोबिलायझर हवाच. पण तो अभेद्य आहे असं समजू नका. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तेव्हा लाखो गाड्यांच्या चाव्यांत असलेल्या चिपचं गुपित उकललं. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी दाखवलं की खिशातल्या बिनचावीच्या रिमोटचा सिग्नल लांबपर्यंत पोचवून गाडीला फसवता येतं. २०२२ मध्ये लंडनमध्ये गाड्यांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या एका तज्ज्ञाचीच टोयोटा चोरांनी हेडलाइटच्या वायरिंगमधून शिरून पळवली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कंपनीचं कुलूप लाखो गाड्यांत सारखंच असतं. चोर एकदा शिकला की त्या मॉडेलची प्रत्येक गाडी त्याला येते.

मग चोर स्विच काय करतो?

गॅरेजवाले याला 'चोर स्विच' म्हणतात. नाव गमतीशीर आहे, पण अर्थ सरळ: गाडीतली एखादी गरजेची वायर मध्येच तोडून तिथे एक लपवलेला स्विच घालायचा. स्विच कुठे आहे हे फक्त मालकाला ठाऊक.

ही युक्ती जुनीच आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आठवा, जिची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची गेली. तिच्या इंजिनाला स्पार्क मिळायचा तो कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटरमधून. कॉइलच्या वायरमध्ये एक साधा स्विच टाकला की काम झालं. सावध मालक तर रात्री डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतला बोटभर रोटर काढून खिशात घालून घरी जायचे! रोटर नाही तर स्पार्क नाही. चोर कितीही सेल्फ मारू दे.

कॉम्प्युटरवाले मित्र इथे हरकत घेतील. "लपवाछपवी म्हणजे सिक्युरिटी नव्हे" हे त्यांच्या पहिल्याच लेक्चरला शिकवतात. १८८३ मध्ये ऑगस्ट केरकॉफ्स या डच माणसाने मांडलेलं तत्त्वच आहे ते: कुलपाची रचना शत्रूला माहीत आहे असं धरून चाला, गुपित फक्त किल्लीत असू द्या. बरोबर आहे. पण चोर स्विचमध्ये गुपित रचनेचं नसतंच. "गाडीत असा स्विच असू शकतो" हे चोरालाही माहीत असतं. गुपित असतं ते जागेचं, आणि जागा प्रत्येक गाडीत वेगळी. म्हणजे जागा हीच किल्ली! लाख गाड्यांचं एक कुलूप फोडणं चोराला परवडतं. एका गाडीचा एक स्विच शोधत रस्त्यावर बसणं परवडत नाही, कारण त्याच्याकडे सगळं असतं, फक्त वेळ नसतो.

कोणती वायर तोडायची?

खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न इथे सुरू होतो. इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: सेल्फने दिलेला फेरा, इंधन आणि (पेट्रोल गाडीत) स्पार्क. तिन्हींपैकी काहीही अडवता येतं, पण परिणाम सारखे नाहीत.

फ्युएल पंप अडवला तर गाडी चालू होते, पाइपमधल्या उरलेल्या पेट्रोलवर थोडी जाते आणि बंद पडते. चोर भर रस्त्यात अडकतो, त्यामुळे अनेकांना ही पद्धत फार आवडते. पण जरा विचार करा. तुमचाच स्विच सहा महिन्यांनी खराब झाला, किंवा धक्क्याने वायर सुटली, तर काय होईल? गायमुखच्या चढावर इंजिन बंद, मागून कंटेनर! इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो. दोनशे रुपयांच्या स्विचसाठी जीवाशी खेळ कोणी सांगितलाय?

यावर कोणी म्हणेल, रिलेचा नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट वापरू, म्हणजे रिले बिघडला तरी पंप चालूच राहील. खरं आहे. पण मग गाडी अडवून ठेवायला उभ्या गाडीतही रिलेला सतत वीज द्यावी लागेल. साध्या रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपिअर खाते. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवर बॅटरी घेतली तर ३५ भागिले ०.१५ म्हणजे साधारण २३३ तास, दहा दिवसही नाही! दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलात की बॅटरी मेलेली. शिवाय चोराने बॅटरीची वायर काढून रिलेची वीज तोडली की राखणही गेली.

सेल्फची बारीक वायर अडवली तर? बॅटरीकडून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलमधून शंभर अँपिअरच्या पुढे करंट जातो, तिला हात लावायचा नाही. चावीकडून सेल्फच्या सॉलेनॉइडला जाणारी जी बारीक वायर असते ती अडवायची. याचा मोठा फायदा असा की इंजिन एकदा सुरू झालं की या वायरचं काम संपतं. पुढे स्विच तुटला, रिले जळला, काहीही झालं तरी चालती गाडी बंद पडत नाही. जे काही बिघडेल ते गाडी उभी असतानाच कळेल. तोटा एकच: गिअरच्या गाडीला धक्का देऊन चालू करता येतं. पण इमोबिलायझर असलेली गाडी धक्क्यानेही सुरू होत नाही, आणि जुनी गाडी असली तरी मध्यरात्री रस्त्यावर गाडी ढकलणारी टोळी कोणाच्या तरी डोळ्यांवर येतेच. वर स्टिअरिंगला किंवा गिअरला एक लोखंडी कुलूप लावा, म्हणजे ढकलणंही अवघड.

म्हणून आमचं मत सेल्फच्या बाजूने. राखणदार असा हवा की तो झोपला तरी मालकाचा गळा धरणार नाही.

डीओएल स्टार्टर आठवतोय का?

चोर स्विचचा सगळ्यात मोठा शत्रू चोर नाही, विसरभोळा मालक. आठ दिवस आठवणीने स्विच बंद करतो, नवव्या दिवशी घाईत विसरतो, आणि मग कायमचाच. म्हणून स्विच असा हवा की गाडी बंद केली की तो आपोआप लागेल.

उत्तर इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्येच आहे, आणि गावाकडच्या विहिरीवरही. मोटरचा डीओएल स्टार्टर बघा. हिरवं बटण एकदा दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच होल्ड-ऑन कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवतो. लाइट गेली की सुटतो. लाइट परत आली तरी कोणीतरी बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. अगदी हेच आपल्याला गाडीत हवंय.

दोन रिले घ्या. पहिल्या रिलेच्या ३० नंबरच्या पिनला इग्निशनची वायर द्या, मध्ये फ्यूज विसरू नका. ८७ आणि ८६ एकमेकांना जोडा. ८५ बॉडी अर्थला. आता इग्निशनची वायर आणि ८६ यांच्या मध्ये एक लपवलेलं पुश बटण. चावी ऑन करून बटण एकदा दाबलं की रिले ओढला जाईल आणि चावी बंद करेपर्यंत तसाच राहील. दुसऱ्या रिलेची कॉइल याच ८६ ला जोडा, दुसरं टोक अर्थला, आणि त्याचे ३० व ८७ सेल्फच्या बारीक वायरमध्ये घाला. काही गाड्यांत या वायरमधून दहा अँपिअरच्या वर करंट जातो, म्हणून दुसरा रिले ३० अँपिअरचा घ्या. गाडी बंद असताना दोन्ही कॉइल्सना वीज नसते, म्हणजे बॅटरीचा प्रश्नच मिटला.

एक खुबी लक्षात ठेवा: इग्निशनची वायर अशी निवडा की चावी 'स्टार्ट'वर असतानाही तिच्यावर १२ व्होल्ट राहतील. काही वायर्स सेल्फ मारताना बंद होतात. त्यातली चुकून धरलीत तर रिले ऐन वेळी सुटेल. मल्टिमीटरने आधी तपासा.

बटणाऐवजी रीड स्विच वापरलात तर आणखी मजा. काचेच्या नळीतला हा छोटा स्विच चुंबक जवळ आला की जोडला जातो. तो आतल्या प्लॅस्टिकमागे चिकटवा आणि चुंबक चावीच्या रिंगला लावा. बाहेरून बटण दिसतच नाही! मात्र छोट्या रीड स्विचची ताकद अर्ध्या अँपिअरच्या आसपास असते, त्यामुळे त्यातून फक्त कॉइलचा करंट जाऊ द्या, आणि कॉइलवर वन-एन-४००७ डायोड उलटा लावा, नाहीतर रिले सुटताना येणाऱ्या झटक्याने स्विचची टोकं चिकटून बसतील. हे सगळं सामान लॅमिंग्टन रोडला दोनशे-तीनशे रुपयांत येतं.

लपवायचं कुठे?

कुठे नाही ते आधी सांगतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ: चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. सीटखाली: पाणी, धूळ आणि पाय. पिवळ्या कव्हरच्या वायरजवळ: त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्पसुद्धा लावायचा नाही. ईसीयूच्या वायर्सही कापायच्या नाहीत. सेन्सरच्या सर्किटमध्ये भर घातलीत तर भलताच बिघाड निघेल आणि वॉरंटीचं भांडण वेगळं.

गाडीत आधीपासून असलेल्या वस्तूसारखा दिसणारा स्विच सगळ्यात चांगला. वायर मूळच्याच रंगाची घ्या, मूळच्याच हार्नेससोबत काळ्या टेपमध्ये गुंडाळा, जोड पिळून न सोडता सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक घाला. चमकदार लाल वायर लोंबकळत ठेवलीत तर चोराला बाण काढून दाखवल्यासारखं होईल.

आणि गुपित कोणाकोणाला सांगायचं? इथे उलटीही काळजी घ्या. रात्री दोन वाजता हॉस्टेलवर कोणाला तापाने फिट आली, सरांची गाडी दारात आहे, पण सर गावाला गेलेत आणि ती सुरू कशी करायची ते दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. असं व्हायला नको. घरातल्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला जागा दाखवून ठेवाच. आणि गॅरेजला गाडी देताना जागा सांगायची नसेल तर दुसऱ्या रिलेला बायपास करणारा छोटा कनेक्टर ठेवा. सर्व्हिसिंगपुरता जोडायचा, गाडी परत आली की काढायचा.

अलार्म : ओरडणारा राखणदार

अलार्म आता बऱ्याच गाड्यांत असतो. शॉक सेन्सर, दरवाजाचे स्विच आणि सायरन, एवढीच त्याची मंडळी. सायरन जवळून ११० डेसिबलचा असला तरी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर ११० असेल तर ३२ मीटरवर ८०. मध्ये भिंत, बंद खिडकी, वर फिरणारा पंखा, म्हणजे चौथ्या मजल्यावर झोपलेल्या मालकापर्यंत काय पोचणार?

आणि पोचला तरी उठतो कोण? लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक लड लागली की आख्खी रांग बोंबलायला लागते. विसर्जनाच्या ढोल-ताशात तेच, आणि ट्रेलर गेला तरी तेच. लोकांना सवय होते. दहा वेळा उगाच ओरडलेल्या अलार्मकडे अकराव्या वेळी कोणी बघत नाही. म्हणून सेन्सरची संवेदनशीलता कमी करा. शेजारून ट्रक गेला तर गप्प राहील आणि काच ठोकली तर वाजेल इतकीच ठेवा. बहुतेक अलार्मच्या डब्यावर त्यासाठी स्क्रू असतो, पण तो कोणी फिरवतच नाही! बोनेटलाही स्विच हवा, नाहीतर चोर आधी बोनेट उघडून बॅटरीच काढतो. सायरनला स्वतःची छोटी बॅटरी असेल तर उत्तम.

थोडक्यात, अलार्म माणसांवर अवलंबून आहे, चोर स्विच नाही. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने मुकाट्याने वेळ खायचा. दोघं मिळून काम होतं. आणि क्रेनने उचलून नेलेल्या गाडीपुढे दोघंही हात टेकतात, हेही मान्य करायला हवं. तिथे जीपीएस ट्रॅकरच कामाला येतो.

बाइकवाल्यांनो, तुमच्यासाठी

बाइकमध्ये एक गोम आहे. जुन्या सीडीआयच्या बऱ्याच बाइक्समध्ये चावी 'ऑफ' असताना सीडीआयची वायर अर्थला जोडलेली असते. म्हणजे तिथे वायर तोडून इंजिन थांबत नाही, वायर अर्थ करून थांबतं! चोर स्विच बसवताना आधी तुमच्या बाइकचा वायरिंग डायग्राम बघा, नाहीतर स्विच उलटाच बसेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ बाइक्समध्ये इंजेक्शन आणि ईसीयू आला, तिथेही कारसारखाच सेल्फचा मार्ग बरा. मात्र बाइक धक्क्याने सहज सुरू होते आणि दोघं मिळून उचलूनही नेतात, त्यामुळे हॅण्डल लॉक आणि खांबाला बांधलेली जाड साखळी यांना पर्याय नाही.

सेकंड हॅण्ड बाइक घेताना स्वस्त मिळतेय म्हणून उडी मारू नका. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी ताडून बघा, आणि एनसीआरबीच्या 'वाहन समन्वय' सेवेवर चोरीची नोंद आहे का तेही बघा. एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट असायलाच हवी. तिच्यावर लेसरने कोरलेला वेगळा नंबर असतो, तो आणि स्नॅप लॉक शाबूत आहेत ना ते पाहा.

एवढं करूनही गेलीच तर

आधी ११२ ला फोन, मग लगेच पोलीस ठाण्यात एफआयआर. १ जुलै २०२४ पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे. त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि आरटीओलाही. कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी कुठे आहे हे आजच बघून ठेवा. पोलिसांना गाडी सापडली नाही तर तपासाअंती 'अ समरी' रिपोर्ट कोर्टात जातो, म्हणजे चोरी खरी पण छडा नाही. क्लेमसाठी तो लागतो. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारत असतील तर एक माहीत असू द्या: एफआयआर वेळेत असेल तर केवळ त्या कारणाने क्लेम फेटाळता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिलाय.

आणखी एक. पुण्याच्या एआरएआयने मान्यता दिलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर २००२ च्या मोटर टॅरिफनुसार ओन डॅमेज प्रीमिअममध्ये अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत ठरलेली होती. पॉलिसी घेताना तिची चौकशी करा. आपल्या हातच्या चोर स्विचला अशी सवलत नाही, पण त्याने गाडी जागेवर राहिली तर तेवढं पुरे.

तर मित्रांनो, या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट काय करायचा म्हणून डोकं खाजवत असाल तर विषय समोर आहे. आधी ब्रेडबोर्डवर दोन रिले आणि एक एलईडी लावून होल्ड-ऑन नीट जमवा. गाडीत बसवताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि एखाद्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या. आणि प्रोजेक्ट कितीही झकास झाला तरी तुमच्या गाडीतल्या स्विचची जागा व्हायव्हालासुद्धा सांगू नका!